हात मागे घेऊ नकोस

धाकटी बहीण बॉक्सिंगला जायला लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. गोड बोलून झाकत नाही, सरळ सांगते, जळले मी. आणि जळले कोणावर, तर दोरीला टांगलेल्या बॅगेवर! माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

बाबा गेल्यापासून तिला मधूनच धडधड व्हायची. घसा आवळायचा, बोटं गार पडायची, आत्ताच्या आत्ता मरणार असं वाटायचं. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण धडधड सुरू झाली की तिला ताई लागायची. मी मुलुंडला डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिचा फोन आला की काम शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीच्या गळ्यात टाकून, रिक्षावाल्याशी हुज्जतही न घालता घाटकोपरचं घर गाठायचे. तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसायचे, धडधड उतरेपर्यंत. आई म्हणायची, "तुझ्या हाताला गुण आहे गं." मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये मुलींसाठी बॉक्सिंगचा क्लास निघाला. डॉक्टर व्यायाम कर म्हणतच होते. मीच म्हटलं, जा. मनात म्हटलं, आठवड्यात कंटाळेल.

कसलं काय! बाई घामाने निथळत घरी यायची, दोन भाकऱ्या हाणायची आणि पडल्या पडल्या झोपायची. डॉक्टरांनी औषध कमी केलं. आईचा चेहरा उजळला. आणि मला फोन यायचे बंद झाले. काउंटरवर बसून मीच मोबाइल उलटासुलटा करायचे. एकदा न राहवून फोन लावला. "बरं वाटतंय ना गं?"

"झकास! ताई, नंतर बोलते ना, वॉर्मअप चाललाय."

वॉर्मअप म्हणे! घरी आली की तोंडात एकच, माझी पार्टनर असं म्हणाली, माझी पार्टनर तसं मारते. ही पार्टनर कोण, तर मागच्या गल्लीतली कॉलेजात जाणारी पोरगी. तिला काय ठाऊक माझ्या बहिणीचं? शाळेत सोडायला मी जायचे, वेण्या मी घालायचे, आणि आता सगळं श्रेय त्या बॅगेला आणि त्या पोरीला. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एका रविवारी बहीण म्हणाली, "ताई, पार्टनर गावाला गेलीये. पॅड धरायला तू ये ना."

"मी काय बदली कामगार आहे?" असं म्हणत म्हणत गेले. जायचं तर होतंच.

पॅड म्हणजे पंजात घालायच्या जाड गाद्या. समोरचीने त्यांवर ठोसे मारायचे. पहिला ठोसा आला आणि मी चटकन हात मागे घेतला. माझ्या हातावर आदळून तिलाच लागेल असं वाटलं. तिचा हात हवेत गेला, तिच्या खांद्यात कळ आली.

"हात मागे घेऊ नका!" शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या. "मागे घेतलात की तिचाच खांदा जाईल. ठोसा आला की हात थोडा पुढे द्यायचा."

ही मला शिकवणार माझ्या बहिणीला कसं सांभाळायचं! मी दात ओठ खाऊन हात पुढे धरले. पण पॅड हलायला लागले. दाबून धरले तरी थरथर थांबेना.

बहिणीने माझे पॅड काढले. मला बाकावर बसवलं. ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळतात ती लांब पट्टी काढली आणि माझ्या अंगठ्यापासून गुंडाळायला लागली.

"वजन आहे ना त्या पॅडला, म्हणून होतंय," मी म्हटलं.

"वजन नाही गं ताई." तिने मान वर केली नाही. "बाबा गेल्यापासून तुझे हात असेच थरथरतात. माझा हात धरून बसायचीस ना, तेव्हाच थांबायचे. शेवटी शेवटी कधीकधी मला काही होत नसायचं, तरी फोन करायचे. तू येऊन बसावंस म्हणून."

मी अर्धवट गुंडाळलेल्या माझ्या हाताकडे बघितलं.

"मग म्हटलं, असं किती दिवस खोटं बोलणार? क्लासलाच आणू या तुला." तिने पट्टी मनगटाशी घट्ट केली. "पार्टनर काही गावाला गेली नाहीये. मीच तिला आज येऊ नको म्हटलं."

"शहाणी आहेस," एवढंच कसंबसं म्हटलं.

"दुसरा हात दे."

मी डोळे पुसायला वर नेलेला हात तसाच तिच्यापुढे केला.