पायरीवरच्या चपला

जाफराबादच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाई म्हणतेत. तू चाल्लीस तर जा. पण बिलकुल भिऊ नको." मी पुण्याला लॉ करायला निघाले होते. निरोपाला आलेल्या काकूंना ते नर्सिंगसारखंच काहीतरी वाटत होतं.

अण्णांचं ठीक, पण ती म्हण मला तेव्हापासून डाचते. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, सांगा, ती कुणाच्या सोयीची आहे? आपण पायरी चढायचीच नाही, मग बांधाचा, वाटणीचा, सासरी छळलेल्या पोरीचा निकाल लागतो तो आपल्या पाठीमागे.

आता मी पुण्यात वकिली करते, बोर्ड, मॅटर, ॲडजर्नमेंट याच भाषेत जगते. पण दरवर्षी रजा टाकून आमच्या गावच्या शाळेतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना जिल्ह्याच्या कोर्टात नेते. चालू खटला बघा, वकिलांना प्रश्न विचारा, एवढंच. शाळेतले सर दरवर्षी म्हणतात, "मॅडम, आपली पोरं पोलीस भरतीवाली." मी दरवर्षी जीप ठरवते.

यंदा बारावीतली शीतल आली, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला तिचे वडीलही. तिला वकील व्हायचं होतं. त्यांचं म्हणणं, डी.एड. कर, नाहीतर लग्न.

कोर्टाच्या दाराशी सगळ्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या. शीतलनं आणि तिच्या वडिलांनीही. माझ्या पहिल्या केसला अण्णा पुण्यात आल्ते तेव्हा त्यांनीही अशाच काढल्या होत्या, आणि घाला म्हटलं तरी ऐकलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात शीतल मागं फिरली आणि चपला पायात सरकवून म्हणाली, "बाबा, घाला. मला हितं रोज यायचंय. रोज कुठं काढत बसू?"

ते आधी दारातल्या शिपायाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग चपला घातल्या. आत एक वकीलबाई बोलत होत्या आणि न्यायाधीश ऐकत होते. शीतलचे वडील मागच्या बाकावर शेवटपर्यंत ऐकत बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मंग ती वकिलीची परीक्षा कवा असती?"

पुण्यात लोक अजून विचारतात, घर कुठलं? मी जाफराबाद सांगते. अण्णांच्या दारात मी आजही चपला काढते, कारण ते घर आहे. कोर्टात मात्र आम्ही घालूनच जाणार.