बाळारामच्या बापाची चक्री

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी गिरणीच्या रांगेत उभा होतो. मुलाने बळेच गळ्यात मारलेला मोबाईल, तो मी सहसा उचलत नाही, त्या दिवशी कसा उचलला कोण जाणे. "काका, बाबा गेले... चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत गेले." मी म्हटलं, "बरं. निघालो." दळणाचा डबा घरी ठेवून मग जावं, एवढंसुद्धा सुचलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून रिक्षा केली आणि ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन थेट पालेगावला पोचलो. तिथे बायका रडत होत्या, आणि मी दारात डबा घेऊन उभा. एका पोराने तो माझ्या हातातून काढून घेतला तेव्हा कळलं, आपण काय घेऊन आलोय. बाळाराम जिवंत असता तर हा डबा त्याने मला वर्षभर ऐकवला असता.

त्याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीसाठी काही लिहा, असं सुनंदाच म्हणाली. ती बाळारामची थोरली मुलगी. मी तिला म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही, पण ड्रॉइंग वाचून चाळीस वर्षं मशीनवर जॉब काढलेत, दोन-तीन पानं लिहायला मला कुणाचा हात धरायची गरज नाही. जसं येईल तसं लिहितो.

आम्ही अंबरनाथच्या एका कारखान्यात एकाच आठवड्यात लागलो. मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड-पितळ घासून मापात आणणारा. तो बॉयलरवर. मी नगरकडून पोटासाठी आलेला, तो इथलाच, पालेगावचा आगरी, घरची भातशेती असलेला. लावणीच्या दिवसांत पायाचा चिखल तसाच घेऊन पहिल्या पाळीला यायचा आणि फोरमनने डोळे वटारले की म्हणायचा, "शेठ, तुमचे भाताला बी हाच चिखल लागतो." माझ्या घरी आला की तो दारातून "जय भीम" घालायचा, आणि त्याच्या घरी गेलो की मी "राम राम". कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा एकदा तसं झालं, मग तेच चालू राहिलं.

कॅन्टीनमध्ये तो एक गोष्ट वरचेवर सांगायचा. आजचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्कराची छावणी. त्याचा बाप तिथे धोबीखात्यात होता. एका गोऱ्या साहेबाला मासे गळाला लावायचा भारी नाद, आणि बाळारामच्या बापाला उल्हास नदीचा प्रत्येक डोह माहीत. दोघांचं जमलं. साहेब मायदेशी निघाला तेव्हा आपली गळाची काठी आणि तिची दोरी गुंडाळायची पितळी चक्री त्याला देऊन गेला. बाप गेला तेव्हा बाळाराम पंधरा वर्षांचा. काठी नंतर कुणी पाहिलीच नाही. "वाळवीनं खाल्ली असंल," असं म्हणून तो गोष्ट संपवायचा आणि डबा धुवायला उठायचा.

सव्वीस जुलैचा मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पालेगावात इमारती उभ्या राहत होत्या. बाळारामची शेती आधीच गेली होती, आता घराची जागाही बिल्डरने घेतली आणि बदल्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घर पाडताना आढ्याच्या वाशांमागे फाटक्या धोतरात गुंडाळलेलं एक लांबोडकं सापडलं. बाळाराम तेव्हा सामान हलवायला गेला होता. सुनंदाने ते उघडून पाहिलं, आत आजोबांची गळाची काठी, तशीच परत गुंडाळली आणि कुणाला न सांगता माझ्याकडे आणली. "काका, नव्या घरात पहिल्या दिवशी बाबांच्या हातात द्यायचीय. आजोबांचं दुसरं काही राहिलं नाही आता. कराल?"

कराल? हा काय प्रश्न झाला! रिटायर झाल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत एक जुनं लेथ बसवलं होतं, किरकोळ कामं करायचो. ते सगळं बाजूला ठेवलं. काठी तीन तुकड्यांची, चिरलेल्या बांबूच्या सहा-सहा पट्ट्या चिकटवून केलेली. पट्ट्या उकलल्या होत्या, जोडाच्या पितळी नळ्या हिरव्या पडलेल्या, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ओवायच्या कड्यांतल्या निम्म्या नाहीत. चक्री चिखलाने जाम. मी पट्ट्या सोडवल्या, घासल्या, सरसाने पुन्हा चिकटवल्या आणि सुतळीने आवळून पंधरा दिवस सावलीत टांगल्या. कड्या नव्या वळल्या. कड्या बांधायला रेशमी दोरा हवा होता, तो आमच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराने गोदामातून शोधून दिला. "काका, ये अब कौन लेता है? नायलॉन ले जाओ, सौ साल चलेगा." मी म्हटलं, "साईं, मला शंभर वर्षं नकोत, मला रेशीम पाहिजे." त्याने डोक्याला हात लावला आणि रीळ पुढे सरकवलं.

राहिली चक्री. तिचं हॅंडल बघून माझं डोकंच फिरलं. मूळचं कधीतरी मोडलेलं असणार. त्या जागी कुणीतरी लोखंडाची वाकडी पट्टी ठोकली होती, टोकाला म्हशीच्या शिंगाचा बेढब तुकडा तांब्याच्या तारेने बांधलेला. फिरवलं की सगळं आऊट जायचं, लंगड्या माणसासारखं. असलं काम माझ्या हाताखालच्या पोराने केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पट्टी आणि शिंग काढून भंगारच्या टोपलीत टाकलं. पितळेचं नवीन हॅंडल लेथवर काढलं, सरळ, गोल, आरशासारखं. चक्री अशी सेंटरला आणली की बोटाने ढकलली तर आवाज न करता फिरत राहायची. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम होतं. आजही तसंच म्हणेन.

नव्या घरात पूजा होती. सगळं गाव त्या दोन खोल्यांत. सुनंदाने काठी बापाच्या हातात दिली. बाळारामने ती इकडून तिकडून पाहिली, हॅंडल फिरवलं, आणि हसून मला म्हणाला, "काय रं किसन, उल्हासनगरचा माल ना? तुमचेकडं काय पन बनतं, बाबा. अमेरिकेचा बी बनतो!" उल्हासनगरचा डुप्लिकेट माल सगळ्यांनाच माहीत, लोक खदाखदा हसले. सुनंदा म्हणाली, "बाबा, आजोबांची आहे ती. जुन्या घरात सापडली. काकांनी दुरुस्त केली." बाळारामने पुन्हा हॅंडलला हात घातला, दोनदा फिरवलं... आणि काठी हळूच भिंतीला टेकवली.

"नाय. माझे बापाची ही नाय."

"अरे, तुझ्या घरातली आहे!"

"असंल. पन ही माझे बापाची नाय."

माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि इथे चारचौघांत माझा सख्खा मित्र मला डुप्लिकेटवाला म्हणत होता. मी म्हटलं, "तुझ्या बापाला चक्री नीट लावायचीसुद्धा अक्कल नव्हती. मी लावली." असं बोललो मी. पूजेच्या दिवशी, त्याच्या घरात. प्रसाद न घेता जिना उतरलो.

चार महिने आम्ही बोललो नाही. वाटेत दिसला तर मी पानाच्या दुकानात वळायचो, मी पान खात नसतानाही. माझं चुकलंय असं मला एक दिवससुद्धा वाटलं नाही. सरळ ते सरळ आणि वाकडं ते वाकडं, यात माणसाची मर्जी कुठे येते?

मग एका दुपारी सुनंदा आली. मी जॉब लावला होता, मशीन चालूच ठेवलं. ती स्टुलावर बसून म्हणाली, "काका, बाबा तुम्हाला सांगणार नाहीत. ते कधी कुणाला सांगतच नाहीत. मलाही आत्ता आत्याकडून कळलं. आजोबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. छावणीत कपडे पिळायच्या रोलरमध्ये गेली. अंगठ्याजवळची दोन." मी मशीन बंद केलं. तीन बोटांचा हात सरळ हॅंडल धरू शकत नाही... त्याला पट्टी वाकडीच लागते, शिंगाचं बोंड बाजूलाच लागतं. ते कुणा अडाण्याचं काम नव्हतं. माणसाने स्वतःच्या हाताच्या मापाने काढलेला जॉब होता तो, आणि मी, चाळीस वर्षं मापावर जगलेला, ते माप ओळखू शकलो नाही. टोपली केव्हाच भंगारवाल्याकडे रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पालेगावला गेलो. बाळाराम गच्चीत बसला होता.

"आलास?"

"आलो."

"कशाला?"

चुकलं, हा शब्द घोकत गेलो होतो. जिन्यापर्यंत तोंडात होता. पण बाहेर आलं ते दुसरंच. "माप घ्यायला आलोय," मी म्हटलं.

त्याने बसायची खूण केली. मग उजवा हात पुढे केला, दोन बोटं तळव्यात मुडपली, आणि हवेत, नसलेलं हॅंडल फिरवायला लागला. लहानपणी बापाच्या शेजारी काठावर बसून पाहिलेलं, ते त्याच्या मनगटात होतं.

पुढचे सहा-सात रविवार तो माझ्याकडे आला. गावातल्या तबेल्यातून शिंग त्यानेच आणलं. मी पट्टी वाकवायची, त्याने बोटं मुडपून, डोळे मिटून फिरवायची. "अजून वाकडी." "अरे, अजून किती?" "तुला सरळ करताना कोनी सांगितलं व्हतं?" मी पुन्हा ऐरणीवर. सरळ काम कुणीही काढतो, मोजायला मापं आहेत. पण मेलेल्या माणसाच्या हाताएवढं वाकडं काढायचं, तेही त्याच्या मुलाच्या आठवणीवरून, हे ज्याला जमतं त्याने माझ्यासमोर यावं. शेवटच्या रविवारी त्याने चक्री फिरवली. ती डगडगली, लंगडली, मधेच खट्ट वाजली. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा खट्ट. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडाने म्हणतो काय, "हां. आता बरोबर खराब झाली."

आभार त्याने मानले नाहीत, माफी मी मागितली नाही. बाकीची वर्षं आम्ही बदलापूरच्या अलीकडे नदीच्या काठावर जाऊन बसायचो, तो पिठाची गोळी लावून गळ टाकायचा, मी डब्यातली भाकरी खात त्याला नावं ठेवायचो. मासे फारसे मिळायचे नाहीत. दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला हा माणूस दोन बोटं मुडपूनच चक्री फिरवायचा. एकदा मी म्हटलं, "बाळ्या, सरळ धर ना, तुला काय झालंय?" तो म्हणाला, "मंग बसंल कोन माझे शेजारी? तू एकटाच?"

परवा सुनंदा काठी घेऊन आली. बदलापूरला तिने नवं घर घेतलंय, हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायची म्हणते. "काका, पितळ काळं पडलंय. जरा चमकवून द्या." मी काठी खिडकीशी नेली. चक्रीवर नदीचा डाग, जोडात वाळू. आणि शिंगाच्या बोंडावर, एका बाजूला, अंगठा मावेल एवढा खळगा. तो मी काढलेला नव्हता. माझा जॉब मला माहीत असतो. बाळारामच्या बापाचाही नव्हता, बापाचं शिंग तर मीच भंगारात घातलं. मी अंगठा ठेवून पाहिला. माझा त्यात सैल पडला, बाळारामचा अंगठा माझ्याहून जाड होता.

पॉलिशचा पेपर हातातच होता. तो खाली ठेवला. काठी आणली होती तशीच गुंडाळली आणि तिला दिली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "याला आता कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."