पोटात डोकावायचं नाही

आमच्या शेजारच्या आनंदीबाईंचं तोंड म्हणजे तोफखाना. वरळीच्या बीडीडी चाळीत 'मुलगी वाचवा'ची पत्रकं त्यांनी स्वतः खळ लावून चिकटवली. सुनेच्या पोटात मुलगा की मुलगी ते बघून आलेल्या एका सासूला तर त्यांनी भर जिन्यात झाडलं होतं. "पोटात डोकावायचं नाही!" हा त्यांचा कायदा.

त्यामुळे त्यांची स्वतःची सून प्राची दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि गर्भाची तपासणी करायची म्हणाली, तेव्हा बाईंनी घर डोक्यावर घेतलं. प्राचीचा थोरला मनू आठ वर्षांचा. त्याला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि तेव्हा उशाशी बसून त्याला गावच्या गजाली सांगतात त्या आनंदीबाईच. हा आजार पोटातल्या बाळाला आहे का, एवढंच प्राचीला बघायचं होतं. बारावा आठवडा लागला होता, उशीर करून चालणार नव्हतं. बाईंचा मुलगा राजेश दोघींच्या मध्ये नेहमीसारखा मुका.

शेवटी मीच टॅक्सी केली आणि दोघींना घेऊन परळच्या दवाखान्यात गेले. तिथे भिंतीवर पाटी : येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. बाईंनी पाटीखालीच ठाण मांडलं. "वाचा! गुन्हा आहे हा!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, मुलगा की मुलगी ते आम्ही बघत नाही, सांगतही नाही. फक्त आजार बघतो. त्याला कायद्याची परवानगी आहे."

बाई पाटीखालून हलल्या. मला वाटलं, सुटलो. तर त्या प्राचीकडे वळल्या. "आणि मनूसारखंच निघालं तर?"

"तर नाही ठेवणार, आई."

"मग मनूच्या वेळी कळलं असतं तर?"

प्राचीला रडू फुटलं. "नव्हतं कळलं, बरं झालं. पण त्याला सुई टोचतात तेव्हा दर वेळी मी मरते हो. आता माहीत असून दुसऱ्याला नाही टोचवणार."

बाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. "जा. मी बसलेय इथे." त्या तोंडाळ बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. बाळाला आजार नाही. मी धावतच त्यांच्याकडे गेले. "काकू, पेढे कुठायत?"

त्यांनी मला हाताला धरून दाराबाहेर ओढलं. आत मनू अभ्यास करत बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

"पेढे कसले गो? बाळ तुझ्यासारखं नाही, म्हणून तोंड गोड कर, असं सांगू त्याला?"