कोबी ठेवायचा की द्यायचा?

"कीप ऑर रिलीज? एका शब्दात सांग, मेट," झूमवर कोच म्हणाला. मी म्यूटवर होतो आणि अनम्यूट करायची मला मुळीच घाई नव्हती.

सिडनीतल्या एका रग्बी लीग क्लबमध्ये मी अ‍ॅनालिस्ट आहे. मॅचचं फुटेज बघायचं, कोण काय करतो ते टिपायचं आणि कोचला सांगायचं. प्रश्न आमच्या हाफबॅकचा होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक जे काम करतो, तेच इथे हाफबॅकचं. पुढची चाल ठरवायची आणि ओरडून सगळ्यांना सांगायची. त्या ओरडण्याला 'कॉल' म्हणतात. आमचा हाफबॅक जेमतेम विशीतला, नाव कोबी. आमच्या केलीव्हिल उपनगरातल्या घरात या नावाने धमाल उडवून दिली होती. "कोबी ठेवायचा की द्यायचा, ठरलं का?" असं माझी बायको मुग्धा भाजी निवडताना विचारायची.

प्रकरण मात्र गमतीचं नव्हतं. क्वीन्सलँडचा एक क्लब कोबीच्या बदल्यात एक दणकट फॉरवर्ड द्यायला तयार होता. कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद होणार होत्या. एकदा गेला की परत कधी येता येईल, कोणालाच माहीत नव्हतं. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. "मला नाही जायचं," तो मॅचच्या रिव्ह्यूच्या वेळी झूमवर मला म्हणाला होता. "पण कोचला सांगू नकोस."

आम्ही हरत होतो आणि माझ्या चार्टवर कोबी कुठे दिसतच नव्हता. बॉल त्याच्या हातात येत नव्हता. पोरगा लपतो, असं कोचचं मत. खरं तर माझंही.

फुटेज मी आवाज बंद करून बघतो. प्रेक्षकांच्या गोंगाटाने डोकं उठतं. त्या दिवशी लेकीने ऑनलाइन शाळेसाठी माझा लॅपटॉप घेतला होता आणि आवाज मोठा करून ठेवला होता. मी क्लिप लावली आणि स्वयंपाकघरात आरडाओरडा सुरू झाला. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे मैदानावरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हा कोण सारखा 'लेफ्ट, लेफ्ट' करतोय?" मुग्धाने विचारलं.

"कोबी."

"मग कुणी जात का नाही लेफ्टला?"

मी क्लिप मागे घेतली. डावीकडे खरंच मोकळी जागा होती. कोबीने कॉल दिला होता. शेजारून कॅप्टन म्हणाला, "नॉट नाऊ, किड," आणि बॉल कॅप्टनकडे गेला.

"आमच्याकडे पण आहे असाच एक," मुग्धा म्हणाली. ती बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. "बोलतो बरोबर, पण ज्युनिअर ना! तेच सीनियर बोलला की सगळे माना डोलावतात."

मी सगळ्या मॅच पुन्हा बघितल्या, या वेळी आवाजासकट. पोरगा लपत नव्हता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसत होता आणि आमची टीम कॅप्टनच्या तोंडाकडे बघत होती. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं.

म्हणून झूमवर मी शेवटी अनम्यूट केलं. "कीप," म्हणालो आणि क्लिप्स दाखवल्या. कोचने त्या पुन्हा लावायला सांगितल्या. शेवटची तर तिसऱ्यांदा बघितली. मला वाटलं, जिंकलो.

"गुड वर्क," तो म्हणाला. "पोराला किक मारायला मी शिकवीन. पण कॅप्टनला या वयात ऐकायला शिकवणं मला जमणार नाही, आणि त्याला काढलं तर क्लब मला काढेल. इथे राहिला तर हा मुलगा ओरडायचाच थांबेल. रिलीज हिम."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कोबीला वाचवायला पुरावा नेला आणि त्याच पुराव्यावर तो गेला. मला कोचचा भयंकर राग आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रात्री जेवतानाही मी धुसफुसत होतो.

"भित्रा असेल तुझा कोच," मुग्धा म्हणाली, "पण पोराला तुमच्यात ठेवून तरी काय मिळवलं असतंस?"



सीमा बंद व्हायच्या आत कोबी गेला. काही आठवड्यांनी मी त्याला फोन केला.

"आईची आठवण येते?"

"रोज."

"आणि नवी टीम?"

"इथे सगळे माझ्याशी भांडतात, मेट. मी लेफ्ट म्हटलं की विचारतात, व्हाय लेफ्ट?" हे सांगताना तो चक्क खूश होता.

बदल्यात आलेला फॉरवर्ड चांगला निघाला. आम्ही तरीही तळालाच राहिलो. चूक कोणाची, हे अ‍ॅनालिस्ट शोधून देऊ शकतो. जायचं कोणी, हे त्यावरून ठरत नाही.