नोएमीची क्लिंतन

नोएमीला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेलीच तर कान लालभडक होत, आणि फ्रान्समधल्या सेवेनच्या डोंगरात टोपीखाली कान झाकायची बायकांची रीत नाही.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा बरोबर एक शेळी होती. सासूच्या मते दोघींत शेळीच कामाची. पुढे नोएमीने रेशमाचे किडे पाळले, चेस्टनट वाळवले, पावसाने ढासळलेले दगडी बांध पुन्हापुन्हा रचले. मुलगी झाली त्या वर्षी नवऱ्याने, एलिझेने, दारापुढच्या बांधाच्या फटीत क्लिंतन द्राक्षाची काडी खोचली. कलम नाही, औषध नाही. वेल तुतीवर चढली आणि अंगणभर पसरली. तिची वाइन शाईसारखी काळी, वास रानातल्या रासबेरीचा. एलिझे गेला तेव्हा त्याला आमच्या प्रोटेस्टंट रीतीने स्वतःच्याच रानात, त्याच बांधामागच्या मातीत पुरलं.

एकोणीसशे सत्तावन्न साली सरकारने ठरवलं, क्लिंतन काढून टाकायची. ती पिऊन म्हणे माणूस वेडा होतो. मार्चमध्ये खालच्या सपाटीवरचे सरकारी तपासनीस बेसेदसाहेब वही घेऊन घरोघर फिरू लागले.

शेजारच्या न्यूमाने आदल्या दिवशीच बजावलं, "वहिनी, म्हणायचं, सावलीपुरती वेल आहे, जात ठाऊक नाही. सगळ्या गावानं तेच सांगितलंय."

"गावाचे कान वेगळे, न्यूमा."

दुसऱ्या दिवशी अंगणात येऊन साहेबांनी वर वेलीकडे बोट केलं. "ही कुठली?"

"क्लिंतन."

न्यूमाने कपाळाला हात लावला.

"वाइन करता?"

"करते की. नवरा तीस वर्षं प्यायला."

"आणि वेडबिड?"

"ते आधीचंच. माझ्याशी लग्न केलं ना त्यानं."

साहेब हसले, पण वही मिटली नाही. "मुळासकट काढावी लागेल, आजी."

"मूळ बांधात गेलंय. ते ओढलं तर बांध येईल, आणि बांधाबरोबर माझा माणूस."

साहेबांनी टोपी काढली. म्हणाले, "मग बुंध्याशी कापा. मुंडकं उडालं की वेल संपली. आमच्याकडे तसंच होतं."

"तुमची वेल कलमी असेल, साहेब. ही नाही."

"कलमी असो नसो, कापली ती कापली."

करवत तिनेच चालवली. कापलेल्या बुंध्यातून पाणी ठिबकत राहिलं. साहेबांनी वहीत लिहिलं, तिने दिलेलं शेळीचं चीज पावाबरोबर खाल्लं आणि वाट धरली.

सपाटीवरची द्राक्षं दुसऱ्याच जातीच्या मुळावर बांधलेली. कापली की खालून येते ती भलतीच वेल. क्लिंतन स्वतःच्या मुळावर उभी असते. पण ही वेल म्हातारी होती, आणि आठवडाभर गळत होती. शेळ्यांना पाला घालायच्या निमित्ताने नोएमी रोज सकाळी बुंध्यापाशी वाकायची. एप्रिल कोरडा गेला. डोक्यावर सावली नाही म्हणून ती दुपारी आतच जेवू लागली, तेही अर्धंमुर्धं.

मे संपता संपता दगडांतून तीन तांबूस कोंब वर आले. पानं उलगडली, आणि तिने न्यूमाला हाक मारली. तीच पानं, तीच क्लिंतन.

"साहेब परत आले तर, वहिनी?"

"विचारलं तर सांगेन. मी कापली होती. वेलीनं काही कबूल केलं नव्हतं."

न्यूमाने वाकून तिचे कान नीट पाहिले. जराही लाल नव्हते.