गोदामातली मृणाल आणि चार अंडी

कुंदाला शेवटची भेटले तेव्हा माझा एक डोळा घड्याळावर होता. सानगडीहून साकोलीकडे जाणारी संध्याकाळची बस चुकली की भंडाऱ्याला पोचायची पंचाईत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पहिलाच तास माझा. कुंदाचं घर तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून. अंगणात खाट, खाटेवर दोन उशांना टेकलेली ती, आणि तिची नजर पाण्यातल्या कमळपक्ष्यावर. "शेपटी झडली त्याची," ती म्हणाली. "पावसाळ्यात पुन्हा येते म्हणे." मला तिला एक गोष्ट विचारायची होती. तीन महिने ती जिभेवर येत होती आणि परत जात होती... तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. "जा वैनी, बस जाईन तुझी." मी उठले. आठव्या दिवशी सकाळी दिवाकर भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला. "कुंदा गेली," ते म्हणाले.

कुंदा माझी नणंद, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नणंद-भावजय म्हणून आमची पहिली काही वर्षं एकमेकींना जोखण्यातच गेली. ती अंगणवाडीत सेविका. रडक्या पोरांना घास घास भरवून भरवून तिच्या अंगात एक संथपणा मुरलेला होता. मी त्याच्या अगदी उलट. कुकरची शिटी उचलून वाफ सोडणारी, कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारी. "वैनी, तुले चहा बी उकळून राहिला तर राग येते," असं ती चारचौघांत म्हणायची आणि मी फणकारायचे. आम्हाला जवळ आणलं ते टीव्हीवरच्या एका मालिकेने. त्यातली इन्स्पेक्टर मृणाल आम्हा दोघींची लाडकी. एके दिवशी वाहिनीने ती मालिका तडकाफडकी बंद केली. मृणालला गुंडांनी एका गोदामात कोंडलेलं, बाहेरून कुलूप, आणि तिथेच सगळं संपलं. मी चार दिवस चडफडले. त्याच महिन्यात कुंदाच्या छातीत गाठ निघाली.

नागपूरला पहिली केमो घेऊन परतताना ती आमच्याकडे थांबली. दिवाणावर डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली. "वैनी," ती म्हणाली, "ते मृणाल अजून आतच हाये वं." मग डोळे उघडून म्हणाली, "आपणच लिहू. गोदामाच्या आतलं मी लिहितो, बाहेरचं तू लिही." माझ्या मुलीने नंतर सांगितलं की याला फॅन फिक्शन म्हणतात आणि जगभर लोक असं लिहितात. आम्हाला काय ठाऊक! आम्ही आपल्या मोबाइलवर एकमेकींना भाग पाठवत राहिलो. तिने एकच अट घातली. "दार उघडाचं नाही. सहा केमो होऊ दे, स्कॅनचा फोटो निघू दे. माझा रिपोर्ट चांगला आला की त्या दिवशी उघडू."

आजारावर बोलायचं नाही असं काही आमचं ठरलं नव्हतं, पण तसं झालं खरं. कुंदाला मळमळ झाली की मृणालला गोदामातल्या कोंड्याच्या वासाने मळमळायचं. कुंदाचे केस गेले तेव्हा मृणालने तीन दिवस डोक्याचा रुमाल सोडला नाही. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे, आणि डोळे पुसून माझा हवालदार एक गल्ली पुढे आणायचे. माझा तो हवालदार मृणालला शोधत गावभर हिंडत होता. मालिकेतल्या गोदामाला खिडकी नव्हती, कुंदाने भिंतीत वर एक झरोका पाडला. त्या झरोक्यातून मृणालला तलाव दिसायचा. रोज सकाळी साडेसहाला माझ्या फोनवर तलावातल्या रानबदकांची मोजदाद सांगणाऱ्या कुंदाच्या दोन ओळी यायच्या, "आज अडई बारा. बगळे मोजले नाही." त्या आल्या की रात्र बरी गेली, आणि नाही आल्या तर मी हातातलं लाटणं ठेवून फोनकडे बघत बसायचे.

श्रावणात शिंगाड्याच्या वेलांवर लांब शेपटीच्या कमळपक्ष्याने अंडी घातली. चार, घासलेल्या पितळेच्या रंगाची. तलावात शिंगाडा लावणारे बळीरामभाऊ ढिवरांना डोंग्यातून फिरताना ती दिसली. त्यांच्यात एक रीत आहे. अंडी दिसली की तिथे काठी रोवायची आणि वर चिंधी बांधायची, मग तिथली वेल कोणी ओढत नाही. पिल्लं पाण्यात उतरली की ज्याने रोवली त्यानेच काठी काढायची, त्याआधी नाही. अंगणातून ती चिंधी दिसायची. मी एका पुस्तकात वाचून कुंदाला कळवलं की या पक्ष्यात अंड्यांवर नर बसतो, मादी चालती होते. तिला इतका आनंद झाला की नवऱ्याला हाक मारली म्हणे, "अहो, आयकलं का? बाप बसून राहिला अंड्यावर!" भाऊजी तेव्हा तिच्या गोळ्या वाटीत मोजून ठेवत होते. "मग मी काय करून राहिलो?" ते म्हणाले.

सहावी केमो झाली, फोटो निघाला. रिपोर्ट मंगळवारी मिळणार होता. मंगळवारी डॉक्टर नव्हते. बुधवारी म्हणाले, उद्या. सानगडीत पाऊस धरलेला, तलावाचं पाणी चढत चाललेलं, चिंधी अर्धी भिजलेली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दोन दिवसांत कळलं. वर्गात मी एकच कविता दोनदा शिकवली. कारध्याच्या पुलावर वैनगंगा किती वर आलीय ते बघायला सगळे गेले, मी मात्र घरात येरझाऱ्या घालत होते. आणि बुधवारी दुपारी मला काय सुचलं कोण जाणे... मी भाग लिहिला. हवालदार गोदामापाशी पोचतो, दगडाने कुलूप तोडतो, दार उघडतं आणि मृणाल उजेडात येते. वाटलं, कुंदाला धीर येईल. खरं सांगायचं तर धीर मलाच हवा होता. पाठवून दिला.

दहाच मिनिटांत तिचा फोन. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "काहून उघडलंस? कोणाले विचारून उघडलंस? काठी पिल्लं उतरल्यावर काढतेत वैनी, आधी नाही!" मी सारवासारव करायला लागले. "खोड ते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी खोडला, तिच्या फोनवरूनही पुसला जाईल असा. दुसऱ्या दिवशी साडेसहाला काहीच आलं नाही. दुपारी तीन ओळी आल्या. "पिल्लं तीन. एक अंडं वाया गेलं. रिपोर्ट आला, लिव्हरमधी पसरलं."

मी शिकलेली बाई. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. तरी मनातून जाईना, की मी दार आधी उघडलं म्हणून असं झालं. त्यानंतर तिने एकही भाग लिहिला नाही. पक्षी कळवायची, विचारलं तर गोळ्यांचं सांगायची, पण मृणालचं नाव नाही. मीही काढलं नाही. मला एवढंच विचारायचं होतं, तू अजून रागावली आहेस का गं? आणि तेवढंच राहून गेलं, बसच्या हॉर्नपायी.

तेरवीनंतर निघताना भाऊजींनी अंगणवाडीचं एक जुनं रजिस्टर हातात ठेवलं. "तुमचंच हाये," म्हणाले. पोषण आहाराच्या रकान्यांवर कुंदाने आमचे सगळे भाग उतरवून काढले होते, तिचे आणि माझेही. "फोनचा भरोसा नाही म्हणे. मेसेज आला का आधी उतरवे, मग दुसरं काम." मी बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले, उघडलं नाही. घरी आल्यावरही दोन दिवस टेबलावर तसंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला शेवटचं पान बघायची घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी साडेसहाला सवयीने फोन पाहिला आणि मग रजिस्टर उघडलं. पहिल्या पानापासून वाचलं, एकही पान न गाळता. शेवटच्या पानावर तोच भाग होता, मी खोडलेला. फोन करून माझ्यावर ओरडण्याआधी तिने तो उतरवून घेतला होता. नीट, गोल अक्षरात. हवालदार येतो, दगड उचलतो, कुलूप तोडतो... फक्त एक शब्द वेगळ्या पेनाने बदललेला. तिथलं अक्षर शेवटच्या दिवसांतलं, कापरं. 'हवालदार'वर रेघ मारून तिने वर लिहिलं होतं, 'वैनी'.

मालिकेत मृणालला वहिनी नव्हतीच.