फिलोमिना मावशी आणि फिरलेला वारा

थंडी तोंडावर आली की फिलोमिना हाइन्स घरोघर फिरायची. न्यूफाउंडलंड बेटावरच्या आमच्या स्केरी बाइट गावात दार वाजवायची पद्धत नाही. दार वाजवतो तो परका, नाहीतर पाद्री. मावशी दार ढकलून आत यायची, बूट काढायची आणि कोट अंगावर असतानाच भिंतीवरच्या विषारी वायूच्या अलार्मचं बटण दाबायची. तो किंचाळला की मान डोलवायची, मग खुर्ची ओढून बसायची. त्या दिवसांत एकेका घरातून ती किंकाळी ऐकू यायची आणि लोक म्हणायचे, "भोंगामावशी निघाली. आता बर्फ पडणार."

वयानं मोठी बाई म्हणजे मावशी, ही इथली रीत. नातं असो वा नसो. माझा नवरा कॅल्विन तिला चिडवायचा.

"मावशी, आपल्या चर्चची घंटा पण इतक्या नेमानं वाजत नाही."

"वाजली असती तरी तू आला असतास का रे? चहा टाक. आणि टिनमधलं दूध दोनदा ओत, हात आखडू नकोस."

हसून झालं की ती हळूच विचारायची, "जनरेटर कुठं ठेवणार यंदा?" तेव्हा मात्र तिच्याकडे बघवायचं नाही.

तरुणपणी ती मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करायची. तिची सुरी इतकी भराभर चालायची, की पलीकडच्या बायका आपलं काम थांबवून बघत राहायच्या. मग मासेमारी बंद झाली, कारखान्याला कुलूप लागलं, अर्धं गाव मुख्य भूमीवर कामाला गेलं. मावशी गेली नाही. ती खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकाला लागली. ह्यूबर्ट, तिचा नवरा, घरी राहून जाळी विणायचा आणि सगळ्यांच्या होड्या दुरुस्त करायचा.

एका हिवाळ्यात मोठं वादळ आलं. रस्ता बुजला, तिच्या जागी येणारी बाई पोचलीच नाही, आणि म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून निघणं तिला जमेना. ह्यूबर्टनं फोन केला. वीज गेली होती. त्याचा भाऊ लिओ पत्ते खेळायला आला होता, तोही अडकला होता. "जनरेटर मागच्या पायऱ्यांशी लावलाय, वाऱ्याच्या आडोशाला," ह्यूबर्ट म्हणाला. "बरं केलंस," मावशी म्हणाली.

रस्ता मोकळा झाल्यावर ती घरी आली. पत्ते टेबलावर होते. ह्यूबर्ट खुर्चीत होता, लिओ बाकावर, अंगावर रजई घेतलेला. जनरेटर पेट्रोल संपून केव्हाच गप्प झाला होता. धुराचा वाससुद्धा राहिला नव्हता. धुरातला तो विषारी वायू तसाच असतो; त्याला स्वतःचा वासच नसतो.

तेव्हापासून तिनं घरात जनरेटर ठेवला नाही. वीज गेली की लाकडाची शेगडी पेटवायची, मेणबत्ती लावायची, आणि खिडकीत बसून गावातल्या जनरेटरांचे आवाज ऐकत राहायची.

मला मात्र जनरेटरवाचून गत्यंतर नव्हतं. आमची एफी सात वर्षांची आहे. तिच्या छातीचे स्नायू जन्मापासून कमजोर आहेत. झोपेत तिचा श्वास उथळ होत जातो, म्हणून तोंडावर मास्क लावून मशीन तिला हवा पुरवतं. एरवी ते रात्रीपुरतं लागतं, सर्दी झाली की दिवसाही. मशीनला स्वतःची बॅटरी आहे, पण जुनी झालेली. तिचा भरवसा धरू नका, असं नर्सनं स्पष्ट सांगितलं होतं. कॅल्विन दूर कॅनडाच्या पश्चिमेला, अल्बर्टात तेलाच्या कामावर असतो. काही आठवडे तिकडे, काही आठवडे घरी. न्यूफाउंडलंडमधल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा.

जाण्याआधी त्यानं सगळी तयारी करून दिली होती. पेट्रोलचे डबे शेडमध्ये ठेवले, लाकूड दारापर्यंत रचलं, मला दोरी ओढून जनरेटर सुरू करायला शिकवलं. जनरेटर घराच्या मागच्या भिंतीशी होता. आमच्याकडची वादळं ईशान्येकडून येतात, समुद्रावरून, ओला बर्फ घेऊन. उघड्यावर ठेवलं तर यंत्र गुदमरतं, म्हणून मागची बाजू. वायर तळघराच्या खिडकीतून आत घेतली होती आणि फटीत जुनी गोधडी कोंबली होती.

मावशीनं ती गोधडी पाहिली आणि बोटानं चाचपली.

"लोरेटा, मला हे आवडलं नाही."

"मग काय करू, मावशी? पोरीला अंधारात ठेवू?"

"मी कुठं तसं म्हणाले?" ती म्हणाली, आणि अलार्म पुन्हा एकदा वाजवून गेली.

फेब्रुवारीत वादळ आलं. एफीला आधीच सर्दी होती. सकाळीच वीज गेली. मी कमरेएवढ्या बर्फातून मागे जाऊन जनरेटर सुरू केला. मशीन चालू लागलं. मी एफीच्या खाटेशी बसून राहिले. वारा घराला धक्के देत होता, छपराचे खिळे करकरत होते, आणि त्या सगळ्या गोंगाटातून मी फक्त मागची घरघर ऐकत होते. ती जराशी अडखळली तरी मी उठून उभी राहायचे.

दुपार उलटली आणि वारा पडला, अगदी एकाएकी. खिडकीबाहेर पांढरं आणि गप्प. मला वाटलं, सुटलो. सूप गरम करायला ठेवलं. एफीनं मास्कच्या आतून विचारलं, "संपलं?" मी म्हणाले, "संपत आलं."

तेवढ्यात मागची घरघर थांबली.

मशीननं बॅटरीवर गेल्याची शिटी दिली. मी कोट न घालताच मागच्या दाराकडे धावले. दार बाहेरून उघडलं आणि मावशी आत आली. पापण्यांवर बर्फ, हातमोजे गोठलेले. आमची घरं जवळ नाहीत. ती कुंपणाला धरून धरून आली होती.

"मी बंद केला," ती म्हणाली.

"काय?"

"बंद केला. बास झालं ते यंत्र."

मी तिला काय काय बोलले ते लिहिणार नाही. आजवर कुठल्याही म्हाताऱ्या माणसाशी मी तशी बोलले नव्हते. "तुझी भीती तुझ्या घरी ठेव," हे त्यातलं शेवटचं. "माझी पोर त्याच्यावर जगते."

"आणि ह्यूबर्ट त्याच्यामुळं मेला," ती म्हणाली. "अशीच शांतता पडली होती, पोरी. त्यांना वाटलं असेल, संपलं."

मग मला कळलं. कळलं म्हणजे आठवलं. माझे वडील मच्छीमार होते आणि हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. ईशान्येचा वारा असा पडला की तो दम घेत असतो. मग तो फिरतो आणि पश्चिमेकडून येतो, आधीपेक्षा जोरात. होड्या कशा बांधायच्या, जाळी कुठं ओढायची, यासाठी गावातलं प्रत्येक पोर हे जाणतं. पण जनरेटर लावताना आम्ही सगळे फक्त येणाऱ्या वाऱ्याकडे बघतो. आमची मागची भिंत पश्चिमेला आहे. वारा फिरला की सगळा धूर त्या भिंतीवर, त्या गोधडीवर, तळघरात. आणि तळघराच्या बरोबर वर एफीची खोली.

"बंद ठेवता येणार नाही, मावशी," मी म्हणाले. "हलवू या. पुढं, समुद्राकडे. होडीपाशी."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला ह्यूबर्टची शवपेटी उचलायला सांगत होते. मग मोजे झटकले. "लाकडाची घसरगाडी कुठाय?"

आधी एफीला मशीनसकट पुढच्या खोलीत नेलं. बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला होता. "हालू नकोस, आम्ही खिडकीतून दिसू," मी तिला सांगितलं. मग दोघींनी ते धूड घसरगाडीवर चढवलं. मी ओढत होते, मावशी मागून ढकलत होती आणि दर पावलाला शिव्या देत होती, बर्फाला, कॅल्विनला, अल्बर्टाला, तिथल्या तेलाला. अंगणाच्या टोकाला आमची होडी उपडी घातलेली आहे. तिच्या पलीकडे, घरापासून लांब, आम्ही ते उतरवलं. होडी धुण्याच्या पंपाची लांब वायर कशीबशी पुढच्या खिडकीपर्यंत पोचली.

मी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. माझे हात इतके बधिर झाले होते की मूठच वळेना. खिडकीत एफी दिसत होती आणि तिच्या शेजारी तो दिवा, आता लाल. ती मला हात करत होती. मी रडत होते आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

"बाजूला हो," मावशी म्हणाली.

तिनं मोजा दातांनी काढला. दोरीला हात लावायच्या आधी डोळे मिटले, क्षणभरच. मग कॉड साफ करणाऱ्या त्या हातानं ओढली. जनरेटर खोकला आणि धडधडू लागला. मावशी दचकून मागे सरली आणि बर्फात बसली.

वारा तेव्हाच आला, पश्चिमेकडून, घराच्या मागून. होडीपलीकडचा सगळा धूर त्यानं उचलला आणि समुद्रावर नेला.

वीज दुसऱ्या दिवशी आली. तोवर मावशी पुढच्या खोलीत एफीपाशी बसून होती. भिंतीवरचा अलार्म तिनं काढून मांडीवर घेतला होता, मांजर घ्यावं तसा. मी सूप दिलं तर तिनं घेतलं नाही. "तू झोप," ती म्हणाली. मी झोपले नाही. दोघी त्याच घरघरीकडे कान लावून होतो. ती थांबू नये म्हणून मी, आणि ती चालू होती म्हणून मावशी.

या वर्षी तिचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून अलार्मची फेरी मी केली. लोक मलाही चिडवायला लागले आहेत.

आज पुन्हा वादळाचा इशारा आहे. एफी झोपली आहे, मशीन चालू आहे, जनरेटर घसरगाडीवर चढवून ठेवला आहे, वारा फिरेल तसा हलवता यावा म्हणून. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बाहेर कुंपणाच्या खांबाला मी लाल लोकरीचा मोजा बांधला आहे. लिहिता लिहिता उठून त्याच्यावर टॉर्चचा उजेड टाकते.

आत्ताच मावशीचा फोन येऊन गेला.

"वारा कुठला?"

"ईशान्येचाच आहे अजून."

"बरं," ती म्हणाली, आणि लगेच, "बरं म्हणाले म्हणून झोपू नकोस."

"नाही झोपत."

"मी पण जागीच आहे."